पुलापलीकडचा गुन्हा

‘प्रोबेशनवर सुटका’ हे शब्द आपल्याकडे बातमीत असे काही छापतात, की वाचणाऱ्याला वाटावं, गडी घरी जाऊन पाय पसरून झोपला. शब्दांवरून भांडायची माझी खोड या सदराच्या वाचकांना नवी नाही. पण या ‘सुटके’वर माझा राग खरा आहे. अमेरिकेत प्रोबेशनवरच्या माणसाची शिक्षा खुंटीला टांगून ठेवलेली असते. तो दुसऱ्या राज्यात एखाद्या किरकोळ आरोपात सापडला, तरी ती खुंटीवरून खाली येऊ शकते.

फिलाडेल्फियाचा रॅपर मीक मिल १९ वर्षांचा असताना, २००७ मध्ये, शस्त्र आणि अमली पदार्थांच्या प्रकरणात पकडला गेला आणि पुढच्या वर्षी दोषी ठरला. २०१७ मध्ये त्याने तिशी गाठली, तरी प्रोबेशन चालूच होतं. त्या वर्षी मार्चमध्ये सेंट लुइसच्या विमानतळावर झटापट झाली आणि ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर त्याने मोटरसायकलचं पुढचं चाक हवेत उचलून मिरवलं. दोन्हीकडचे आरोप दोषी न ठरवताच निकालात निघाले. तरी नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फियाच्या न्यायाधीशांनी प्रोबेशन मोडल्याबद्दल त्याला २ ते ४ वर्षांचा तुरुंगवास सुनावला. सरकारी वकील आणि प्रोबेशन अधिकारी, दोघांनीही तुरुंगाची शिफारस केली नव्हती.

इथे कुणीही म्हणेल, की त्याने न्यायालयाला शब्द दिला होता, तो मोडला; आता रडगाणं कशाला? शिवाय आरोप मागे घेतला म्हणजे माणूस निर्दोष असतो असं थोडंच आहे, आणि न्यूयॉर्कने सोडलं म्हणून फिलाडेल्फियाने डोळे का मिटावेत? प्रश्न बिनतोड वाटतात. मीक मिलच्या बाबतीत तर परवानगीविना प्रवास आणि अमली पदार्थांच्या चाचणीतलं अपयश हेही मुद्दे होते, ते लपवण्यात अर्थ नाही. पण शब्द मोडला की नाही, हे ठरवायचं कोणत्या मापाने? मूळ खटल्यात रास्त शंकेला जागा उरता कामा नये. प्रोबेशन मोडल्याच्या सुनावणीत सहसा पारडं जरासं कललं तरी पुरतं. म्हणजे जो आरोप घडल्या जागी सिद्ध करायची कुणाला गरज वाटली नाही, तोच शेकडो मैलांवर हलक्या मापाने तोलून त्यावर वर्षांची शिक्षा लावता येते. आधी तर ही सुनावणीसुद्धा हक्काची नव्हती. विस्कॉन्सिनमध्ये १९६५ साली प्रोबेशन मिळालेला स्कारपेली नावाचा एक इसम परवानगीने इलिनॉयमध्ये राहायला गेला आणि काही दिवसांतच तिथे घरफोडीत पकडला गेला. विस्कॉन्सिनने त्याचं म्हणणं न ऐकताच प्रोबेशन रद्द केलं. अशा माणसाचं आधी ऐकून घेतलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते १९७३ मध्ये. त्यालाही पुरेसं मानायला मी तयार नाही, कारण सुनावणीची तारीख येईपर्यंत माणूस कोठडीत बसू शकतो. नव्या आरोपात जामीन मिळाला तरी जुन्या न्यायालयाचा अटकाव-हुकूम वेगळा, आणि कोठडीत नोकरी टिकत नाही.

आणि ‘किरकोळ’ म्हणजे तरी काय? पेनसिल्व्हेनियातलं फिलाडेल्फिया आणि न्यू जर्सीतलं कॅम्डेन यांच्यामध्ये डेलावेअर नदी आहे. तिच्यावरचा बेंजामिन फ्रँकलिन पूल पायीही ओलांडता येतो. दारू पिऊन गाडी चालवणारा पुलाच्या पेनसिल्व्हेनियाकडच्या टोकाला सापडला तर फौजदारी गुन्हेगार, न्यू जर्सीकडच्या टोकाला सापडला तर वाहतुकीचा नियम मोडणारा. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. आपल्याकडच्या तडीपाराला निदान एवढं ठाऊक असतं, की कुठे पाऊल टाकायचं नाही आणि किती दिवस. दोन वर्षांपलीकडे तो हुकूम चालत नाही.

मला खरी मेख या मुदतीतच दिसते. दहा वर्षं कुणाच्याही मागे माणूस लावा, एखादी झटापट, एखादं उचललेलं चाक सापडणारच. धोकादायक माणसावर नजर नको का? जरूर हवी, पण नवा गुन्हा खरोखर धोक्याचा असेल तर तो जिथे घडला तिथलं न्यायालय काही झोपलेलं नसतं. बोस्टनमध्ये १८४१ साली जॉन ऑगस्टस या जोडे शिवणाऱ्या कारागिराने एका दारुड्याला जामीन राहून सोडवलं, तिथून प्रोबेशनची ही पद्धत सुरू झाली. तीन आठवड्यांनी त्याने त्या माणसाला शुद्धीवर आणून न्यायालयात उभं केलं, आणि न्यायाधीशांनी दंड केला एक सेंट. तीन आठवडे! मीक मिलची मूळ शिक्षाच अपिलात रद्द झाली ती २०१९ मध्ये, आणि शेवटी त्याने कबूल केला तो शस्त्राचा एक किरकोळ गुन्हा. पेनसिल्व्हेनियाने प्रोबेशनला लगाम घालणारा कायदा केला, तोही २०२३ उजाडल्यावर.

दंडावरून आठवलं. आपल्या १९५८ च्या परिवीक्षा, म्हणजे प्रोबेशनच्याच, कायद्यात चांगल्या वर्तणुकीच्या हमीची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. हमीची अट मोडली तर न्यायालय मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावू शकतं. पण चूक पहिलीच असेल तर हमी तशीच चालू ठेवून नुसता दंड करायची मुभाही कलम ९ मध्ये आहे. दंड किती, तर फार तर पन्नास रुपये. तेवढ्यात दोन वडापाव जेमतेम येतील, चहाचे पैसे वेगळे मोजावे लागतील.