निनावी संपादक

समाजमाध्यमे वार्ता मांडताना पक्षपात करतात, अशी ओरड हल्ली सर्व बाजूंनी ऐकू येते. आणि नवल असे की, ओरडणारा प्रत्येक जण अन्याय आपल्याच पक्षावर होत असल्याचे सांगतो. 14 ऑगस्ट 2020 रोजी अमेरिकेतील 'वॉल स्ट्रीट जर्नल' या पत्राने लिहिले की, तेलंगणातील एका भाजप आमदाराच्या द्वेषमूलक लिखाणाला फेसबुकच्या हिंदुस्थानातील वरिष्ठांनी व्यापारी हित पाहून अभय दिले. तीन आठवडे लोटले नाहीत तोच, 1 सप्टेंबरला, तत्कालीन केंद्रीय मंत्री रविशंकर प्रसाद यांनी कंपनीच्या चालकांस पत्र लिहिले. 2019 च्या निवडणुकीपूर्वी उजव्या विचारांची पाने काढली गेली अथवा त्यांचा प्रसार रोखला गेला, असा त्यांचा उलट आरोप होता. आपण निःपक्षपाती आहो, असे कंपनीने उत्तर दिले. यांत खरे कोण, याचा निवाडा करावयास आम्ही बसलेलो नाही. मूळ प्रश्न दोन्ही वादींनी सोडून दिला आहे, एवढेच आमचे म्हणणे.

पक्षपात हाच गुन्हा म्हटला, तर मराठी वृत्तपत्रसृष्टीचे सारे वैभव गुन्ह्यात जमा होईल. आगरकरांचे टिळकांशी पटेनासे झाले, तेव्हा त्यांनी 1888 साली 'सुधारक' काढला, आणि पत्राच्या नावातच आपला पक्ष सांगितला. वाचक वर्गणी भरी ती हे जाणूनच. मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव छापण्याचे बंधन 1867 च्या कायद्याने घातलेले होतेच. 1908 साली 'केसरी'तील लेखांवरून खटला झाला, तेव्हा शिक्षा भोगावयास टिळक मंडालेस गेले. मताची किंमत कोणी मोजावयाची, हे त्या काळी सर्वांस ठाऊक होते.

आज काय दिसते? जुळे सोलापुरात एकाच जिन्याने चढणारी दोन कुटुंबे घ्या. सकाळचे वर्तमानपत्र दोघांकडे एकच येते. पण फोन उघडताच एकाच शहराच्या दोन निराळ्या वार्ता त्यांच्यापुढे येतात. गाव जुळे असले, तरी वार्ता जुळत नाहीत! कोण कशावर किती वेळ रेंगाळला, कोणी काय पुढे धाडले, याचा हिशेब ठेवून यंत्र पुढील क्रम लावते. काढून टाकलेल्या मजकुराबद्दल तक्रार तरी करता येते. पण मागे लोटलेल्या वार्तेबद्दल तक्रार कोण करणार? ती मागे लोटली गेली, हेच वाचकाला कळत नाही.

'यंत्राला कसला आला पक्ष?' असे काही विद्वान विचारतात. त्यांनी 2016 साल आठवावे. फेसबुकच्या चर्चित विषयांच्या यादीतून पुराणमतवादी वार्ता डावलल्या जातात, असा आरोप त्या वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेत झाला. पद्धतशीर पक्षपात आढळला नाही, असे कंपनीने सांगितले खरे. पण ऑगस्टमध्ये यादी संपादणाऱ्या माणसांस निरोप देऊन काम यंत्रावर सोपविले. काही दिवसांतच एका वृत्तनिवेदिकेविषयीची धादांत खोटी बातमी यादीत झळकली! 2018 साली ती यादीच बंद झाली. माणूस हलविल्याने संपादन थांबत नाही. यंत्राने काय मोजावे, हे माणूसच ठरवितो.

मग सरकारने लगाम हाती घ्यावा काय? मुळीच नव्हे. सरकारविषयक मजकूर खरा की खोटा हे सरकारी कक्षाने ठरवावे, अशी 2023 ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये रद्द ठरविली, हे उत्तमच झाले. वादीला न्यायासनावर बसविल्याने न्याय होत नसतो.

आमची मागणी साधी आहे. वार्तांचा क्रम कोणत्या निकषांनी लागतो, हे मराठीत व सुबोधपणे प्रसिद्ध व्हावे. ज्याचा मजकूर मागे लोटला, त्याला तसे कळवावे. आणि स्वतंत्र अभ्यासकांस ते दप्तर तपासता यावे. परंतु ही मागणी सुशिक्षितांच्या तोंडी शोभावयाची, तर आपली वार्ता वर आली की न्याय आणि खाली गेली की पक्षपात, ही आपली सवय प्रथम सुटली पाहिजे. संपादकाने आधी समोर यावे. त्याच्या मतांशी भांडावयास आम्ही मराठी वाचक समर्थ आहो.