झोप हाही शर्यतीचाच टप्पा

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. पाच दिवस, सुमारे ४३७ किलोमीटर. न्यूझीलंडचा ल्यूक मडग्वे जिंकला. अशा शर्यतीत रोजच्या वेळेची बेरीज होते. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता. त्यामुळे एका दिवसाची मर्दुमकी पुरत नाही. आज दमलेलं शरीर उद्या सकाळी पुन्हा तयार लागतं.

ही बेरीज किती अटीतटीची होते, ते १९८९ च्या ‘टूर द फ्रान्स’मध्ये दिसलं. शेवटच्या दिवशी फ्रान्सचा लोराँ फिन्याँ ५० सेकंदांनी पुढे होता. उरली होती फक्त साडेचोवीस किलोमीटरची, प्रत्येकाने एकट्याने चालवायची दौड. तीत अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने त्याला गाठलं आणि ३,२०० हून अधिक किलोमीटरनंतर शर्यत अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. लेमाँडच्या हँडलची रचना वाऱ्याचा अडथळा कमी करणारी होती, तिचा वाटा मोठा. पण फिन्याँला बैठकीच्या जागी जखम झाली होती आणि दुखण्यामुळे आदल्या रात्री त्याला झोप नव्हती. पराभवाचं सगळं खापर मी त्या रात्रीवर फोडणार नाही; पण डॉक्टर म्हणून तिच्याकडे दुर्लक्षही करता येत नाही.

घाटाच्या टप्प्यात सायकलपटू दिवसाला पाच-सहा हजार कॅलरी खर्च करतो. स्नायूंमधला साखरेचा साठा नीट जेवूनही भरून यायला साधारण एक दिवस लागतो. गाढ झोपेत वाढीचं संप्रेरक स्रवतं, झीज भरून निघते. म्हणून काही संघ खेळाडूंच्या गाद्या-उशाही एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात नेतात. त्यांच्या लेखी झोप हा सरावाचाच भाग असतो.

आपल्या लातूर-नांदेडमध्येही अशीच शर्यत चालते, ती दोन वर्षांची. ‘नीट’च्या ७२० पैकी एक-दोन गुण कमी पडले तरी क्रमांक खूप घसरतो, हे खरं. त्यातून आपण धडा मात्र उलटा घेतला: झोप कापा, तास वाढवा. ‘लेकरू रात्री दोनपर्यंत वाचतंय,’ हे आईवडील कौतुकाने सांगतात. तेच लेकरू डोकेदुखी, पित्त, चक्कर घेऊन आमच्या ओपीडीत येतं. अनेकदा तपासण्यांत काही सापडत नाही. झोपेचं विचारलं की उत्तर येतं, चार-पाच तास.

तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते. दिवसा वाचलेलं मेंदूत पक्कं होण्याचं मोठं काम झोपेत होतं. ती तोडून केलेला अभ्यास म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे: हा प्रश्न एकट्या विद्यार्थ्याच्या शिस्तीचा नाही. क्लास रात्री उशिरा सुटतो, मेसचं जेवण दहाला, अभ्यासिका मध्यरात्रीनंतरही उघडी आणि चाचणी पहाटे. मग मुलाने झोपायचं कधी? वसतिगृहात अकराला दिवे आणि मोबाइल बंद व्हावेत. आठवड्यातला अर्धा दिवस खरोखर मोकळा असावा. ‘टूर द फ्रान्स’मध्येही विश्रांतीचे दिवस असतात, त्याने शर्यत सोपी होत नाही.

पुरेसा वेळ मिळूनही झोप येत नसेल, उदासी दोन आठवडे टिकली असेल, तर डॉक्टरांना दाखवा किंवा ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील, तर एक दिवसही थांबू नका.

पालकांना एकच विनंती. रात्रीच्या फोनवर ‘किती तास अभ्यास केलास?’ हे विचारताच. त्याआधी ‘काल किती तास झोपलास?’ हे विचारा.