पेटंटचे मागणीपत्र आणि छोटा विकसक

जबलपूरचे कमानिया गेट १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाची आठवण म्हणून उभे आहे. त्या भोवतालच्या बाजारात गिऱ्हाईक समोरासमोर येते. तेथल्याच एखाद्या माडीवर दोन तरुणांनी घडवलेले अ‍ॅप मात्र पहिल्याच दिवशी अमेरिकेत विकले जाऊ शकते आणि त्यामागोमाग तेथील पेटंटधारकाचे मागणीपत्रही येऊ शकते.

ही भीती काल्पनिक नाही. मे २०११ मध्ये लॉडसिस या कंपनीने आयफोनची अ‍ॅप बनवणाऱ्या छोट्या विकसकांना अशी पत्रे धाडली. अ‍ॅपमधूनच खरेदी करण्याची सोय आपल्या पेटंटच्या कक्षेत येते, असा तिचा दावा होता. मागणी होती अमेरिकेतील उत्पन्नाच्या ०.५७५ टक्के. आपला परवाना विकसकांनाही लागू आहे, असे अ‍ॅपलने कळवले. तरीही ३१ मे रोजी टेक्सासमध्ये सात जणांवर दावा दाखल झाला. त्यांत स्वीडनमधील एक स्टुडिओही होता. अशा मागणीचे बळ दाव्याच्या सत्यतेत नसते. लढण्यापेक्षा पैसे देणे स्वस्त पडते, यात ते असते.

भारतीय कायदा याबाबत अधिक सावध आहे. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३(के) नुसार निव्वळ संगणक आज्ञावली, अल्गोरिदम आणि गणिती वा व्यावसायिक पद्धतींना पेटंट मिळत नाही. २००४ च्या वटहुकुमाने ही तरतूद सैल केली होती. २००५ मध्ये संसदेने तो बदल नाकारला. कलम १०६ निराधार धमकीविरुद्ध मनाई हुकूम आणि भरपाई मागण्याचा हक्क देते.

मात्र या संरक्षणाला मर्यादा आहेत. पेटंट अस्तित्वात असल्याची नुसती सूचना कायद्याने धमकी ठरत नाही. चतुर शब्दांतले पत्र म्हणूनच निसटते. शिवाय भारतीय कायदा सीमेपाशी थांबतो, अ‍ॅप थांबत नाही.

पेटंट ही खऱ्या संशोधकाची ढाल आहे. छोट्या संशोधकालाही आपला हक्क पत्राने बजावता आला पाहिजे. त्यामुळे पत्रांवर बंदी हा उपाय नव्हे. पत्र पाठवणाऱ्यावर जबाबदारी हवी. अमेरिकेतील व्हर्माँट राज्याने २०१३ मध्ये तसा कायदा केला. पत्रात पेटंट क्रमांक, मालकाचे नाव आणि उल्लंघनाचा नेमका तपशील आहे की नाही, यावरून तेथे हेतू पारखता येतो. भारतानेही कलम १०६ ला अशी जोड द्यावी.

तोवर विद्यार्थ्यांना आज्ञावलीबरोबर पेटंट वाचणेही शिकवले पाहिजे. पेटंट कोणत्या देशाचे, मुदत संपली की नाही, दाव्यातील प्रत्येक घटक आपल्या अ‍ॅपमध्ये आहे का आणि ती कल्पना आधीच प्रसिद्ध झाली होती का, हे चार प्रश्न विचारता आले, तर घाबरून पैसे भरण्याआधी आणि पत्र केराच्या टोपलीत टाकण्याआधी वकिलाकडे नेमका मुद्दा घेऊन जाता येते. अज्ञानातून दिलेला प्रत्येक रुपया पुढच्या मागणीपत्राचे टपालखर्च भागवतो.