जरीची लक्ष्मी

परभणीस एका स्नेह्यांच्या जुन्या वाड्यांत परवां जाण्याचा योग आला. देवघरांत राजा रविवर्म्यांच्या लक्ष्मीची जुनी तसबीर होती. कमळावर उभी असलेली ती मूर्ति कोणाच्या परिचयाची नाहीं? परंतु या तसबिरींत छापील लुगड्यावर खऱ्या जरीचे तुकडे कापून बसविलेले, आणि दागिन्यांच्या जागीं टिकल्या व मणी! यजमानांच्या पणजीबाईंनीं दुपारच्या विसाव्यांत केलेलें तें काम. तरुण चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, हें जरीकाम उसवून टाकावें, म्हणजे चित्र ‘मूळचें’ होईल. आजीबाईंचा त्यास विरोध. निवाड्यासाठीं आम्हांस पाचारण झालें.

हीं छापील चित्रें रविवर्म्यांनीं १८९४ सालीं मुंबईंत छापखाना काढल्यावर घरोघर गेलीं. त्यांतील नायिकांसाठीं समोर कोण बसत? गायिका अंजनीबाई मालपेकर यांचा जन्म १८८३ चा, घराणें गोव्याचें कलावंतांचें. रविवर्मा व धुरंधर या दोघांहि चित्रकारांनीं त्यांस समोर बसवून चित्रें काढलीं. ज्या घराण्यांतील स्त्रियांस आमच्या पूर्वजांच्या ओसरीवर पाट मिळाला नसता, त्यांच्या मुखछटा चौकटींत बसून आमच्याच भिंतींवर आल्या. (हें वाक्य लिहितांना आम्हांस संकोच वाटतो, पण तें खरें आहे.)

चित्रांत स्त्री हवी. कुंचला मात्र तिच्या हातीं नको. रविवर्म्यांच्या भगिनी मंगलाबाई याहि चित्रें काढीत, हें आपल्यापैकीं कितीजणांस ठाऊक आहे? विलायतेंतहि निराळें नव्हतें. सिंहासनावर राणी, आणि ती स्वतः जलरंगांत चित्रें काढणारी. तरी रॉयल अकॅडमीच्या शाळेंत मुलींस मज्जाव. १८६० सालीं लॉरा हर्फर्ड हिनें नांवाचीं केवळ आद्याक्षरें घालून चित्रें पाठविलीं. तीं पसंत पडलीं, आणि मग कळलें कीं उमेदवार स्त्री आहे! तेव्हां कोठें दार किलकिलें झालें. १७६८ च्या संस्थापकांत दोन स्त्रिया होत्या. त्यानंतर पूर्ण सभासदत्व एका स्त्रीस मिळावयास १९३६ साल उजाडलें. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ ची. धुरंधरांच्या कन्या अंबिकाबाई तेथील पदविका घेऊन बाहेर पडल्या त्या १९३१ सालीं.

मग परभणीच्या त्या पणजीबाईंना कोणती शाळा, कोणता कुंचला? सुई तेवढी होती. अंगणांतील त्यांची रांगोळी रोज उन्हें चढेपर्यंत पुसली जाई. हें एवढेंच टिकलें. तेव्हां जरीकाम काढूं नये, असा आम्हीं निवाडा दिला. रविवर्म्यांचा छाप बाजारांत अजून मिळेल, हा हात मिळणार नाहीं.

चिरंजीव गप्प होते. इतक्यांत आजीबाई म्हणाल्या, “अरे, ती जर आमच्या आजेसासूबाईंच्या लग्नांतल्या शालूची. फाटला तेव्हां त्यांनीं तो देवीला नेसवला.”

चिरंजीवांनीं कात्री ठेवली व भिंग आणावयास आंत गेले.