खेळून पोट भरतं का?

पालकसभेत दर वर्षी एक प्रश्न हमखास येतो. मूल नववीत गेले की आई-वडील म्हणतात, “सर, आता याचे खेळ बंद करा. खेळून का पोट भरतं?” प्रश्न रास्त आहे. धामनोदसारख्या गावात घर चालवणाऱ्याला तो पडणारच. पण त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देता येत नाही, म्हणून दोन खेळाडूंची हकिकत सांगतो. दोघेही छावणीच्या गावचे, दोघेही भारतीय हॉकीचे कर्णधार.

पहिले आपल्या शेजारचे. गुजरी, मानपूर करत घाट चढून गेले की महू लागते. तिथले शंकर लक्ष्मण हे गोलरक्षक. १९४७ साली ते सैन्याच्या बँडमध्ये भरती झाले. १९५६ व १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण, १९६० मध्ये रौप्य. आणि १९६६ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने सुवर्ण जिंकले.

त्यानंतर आशियाई सुवर्णासाठी ३२ वर्षे वाट पाहावी लागली. १९९८ साली, पुन्हा बँकॉकलाच, ते मिळाले तेव्हा कर्णधार होता पुण्याजवळच्या खडकीचा धनराज पिल्ले. जन्म १६ जुलै १९६८. घर मूळचे तमिळ, वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करणारे. घरात भावंडे बरीच, पैसा बेताचा. मोडक्या काठ्या दोरीने बांधून आणि टाकून दिलेल्या चेंडूंवर ही मुले खेळली.

धनराज फॉरवर्ड, म्हणजे आघाडीचा खेळाडू. चेंडू घेऊन सुसाट धावायचे, बचावपटूंना चकवायचे आणि गोल करायचा किंवा करून द्यायचा, हे त्याचे काम. १९८९ ते २००४ अशी पंधरा वर्षे तो भारताकडून खेळला. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा! शिवाय इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, मलेशिया, बांगलादेश इथल्या क्लबांकडूनही तो खेळला. २००५ साली प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली तेव्हा तो मराठा वॉरियर्स संघात होता. खेळ हाच त्याचा व्यवसाय झाला.

पण पालकहो, हे एकट्याच्या पायांवर झाले नाही. मुंबईत आधीच खेळत असलेल्या थोरल्या भावाने, रमेशने, त्याला आपल्याकडे बोलावले. महिंद्र कंपनीच्या संघात जागा मिळाली, पुढे एअर इंडियाची नोकरी आली. भावाचे घर आणि महिन्याचा पगार पाठीशी होता म्हणून त्याचा वेग दिसला. आणि तरीही, बँकॉकच्या सुवर्णानंतर लगेच त्याला आणि इतर सहा ज्येष्ठ खेळाडूंना ‘विश्रांती’च्या नावाखाली संघाबाहेर ठेवले गेले. शेवटचे ऑलिंपिक खेळला तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. ज्या वयात शिक्षक किंवा दुकानदार जेमतेम स्थिरावतो, त्या वयात खेळाडूला मैदान सोडावे लागते.

शंकर लक्ष्मण १९७९ साली मराठा लाइट इन्फन्ट्रीमधून कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. अर्जुन पुरस्कार आणि पद्मश्री घरात होते, तरी अखेरचे दिवस हलाखीत गेले. पायाला गँगरीन होऊन २९ एप्रिल २००६ रोजी महूलाच त्यांचे निधन झाले. ही गोष्ट आपल्या घाटावरची आहे, हे विसरता येत नाही.

आता दिवस थोडे पालटले आहेत. २०२४ च्या हॉकी इंडिया लीगच्या लिलावात हरमनप्रीत सिंगला ७८ लाखांची बोली लागली. आपल्याच राज्यातल्या इटारसीजवळचा विवेक सागर प्रसाद टोकियो ऑलिंपिकमधून कांस्यपदक घेऊन आला, तेव्हा राज्य सरकारने त्याला पोलीस उपअधीक्षकाचे पद दिले. पण असे किती जण? एका विवेकमागे शेकडो मुले जिल्ह्याच्या संघापर्यंत येऊन थांबतात.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो. खेळून पोट भरते, पण पाठीशी कोणी असेल तरच, आणि तेही थोडी वर्षे. यातून प्रत्येकाला आपापला धडा घेता येईल. विद्यार्थी मित्रांनो, खेळा जरूर, पण पुस्तक मिटू नका. छत्तिसाव्या वर्षानंतरही बरेच आयुष्य उरते. पालकहो, मुलाला धनराज करण्याचा हट्ट नको, पण नववी आली म्हणून मैदान तोडूही नका. रोज पाऊण तास खेळल्याने दहावीचे गुण कमी झालेले मी माझ्या वर्गात तरी पाहिलेले नाहीत.

आणि विश्वस्त मंडळींना विनंती. नववी-दहावीचा खेळाचा तास जादा गणिताला देण्याची प्रथा आपल्याकडे पडली आहे, ती या वर्षापासून बंद करावी. धनराजच्या वडिलांनी दुसऱ्यांच्या खेळासाठी मैदान राखले. आपण आपल्या मुलांसाठी निदान तो तास तरी राखू या.