रक्त दोघांचे, खोट तिचीच?

थॅलेसेमियाचे मूल जन्मले की सासरी पहिले वाक्य ठरलेले असते : 'हिच्या माहेरच्या रक्तातच खोट आहे.' मुलगी झाली की जसे बोट सुनेकडे जाते, तसेच इथेही जाते. शास्त्र काय सांगते ते आपण नीट समजून घेतले, तर हे बोट खाली येईल.

आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक आईकडून येते, एक वडिलांकडून. हिमोग्लोबिन घडवणारे एक जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते, म्हणजे प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात. एकच प्रत बिघडलेली असेल तर ती व्यक्ती 'वाहक'. ती आजारी नसते, फार तर रक्त थोडे कमी असते. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण मुक्त असण्याची २५ टक्के. मुलगा असो वा मुलगी, हिशेब तोच. मेजर मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. रजा काढून, रोजगार बुडवून त्याला घेऊन बसते ती बहुधा आईच.

हा प्रश्न आपल्या दाराशी आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीतून १९४९ साली उल्हासनगर उभे राहिले. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली या समाजांत वाहकांचे प्रमाण जास्त आढळते. हे कोणाचे पाप नव्हे. वाहकांना मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणून मलेरियाच्या प्रदेशांत हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकले. जातीतल्या जातीत लग्ने होत राहिल्याने दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढली. 'हा सिंध्यांचा आजार' म्हणून अंबरनाथ-बदलापूरच्या मराठी घरांनीही निर्धास्त राहू नये. वाहक आपल्यातही आहेत.

लग्नाआधी एचबी ए-२ ही रक्ततपासणी व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण कागद मागितला जातो तो मुलीचा! ती वाहक निघाली की स्थळ मोडते, आणि पाठच्या बहिणींचेही अडते. वास्तविक मुलगा वाहक नसेल, तर मुलगी वाहक असूनही मेजर मूल जन्मत नाही. मग मुलाचीच तपासणी आधी का करू नये? तो मुक्त निघाला, तर या आजारासाठी मुलीचा कागद मागायचे कारणच उरत नाही.

लग्नानंतरही तेच. गरोदर बाई वाहक ठरली की नवऱ्याचे रक्त तपासावे लागते. गर्भाची तपासणी दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून करता येते. नवरा 'मला काय झालंय?' म्हणत टाळत राहिला, तर ते आठवडे हातचे जातात, आणि पुढचा कठीण निर्णय तिच्या एकटीच्या अंगावर पडतो.

म्हणून आपली मागणी साधी असावी. कॉलेजांत आणि एमआयडीसीच्या कारखान्यांत तरुणांची तपासणी आधी व्हावी. अहवाल ज्याचा त्याच्याच हाती द्यावा. समाजाच्या मेळाव्यात वा लग्नाच्या बायोडेटावर तो जाऊ नये. दोन वाहकांनी लग्न करायचे की नाही, मूल होऊ द्यायचे की नाही, हे त्या दोघांनी पूर्ण माहिती घेऊन ठरवावे. निसर्गाने निम्मा वाटा पुरुषाकडे दिला आहे. निम्मी जबाबदारी त्याने उचलावी, एवढेच म्हणणे आहे.