प्रतिकृतीतील तपशील आणि पुराव्याची शिस्त

शालेय विज्ञान प्रदर्शनांत अलीकडे एक दृश्य सर्रास आढळते. टेबलावर देखणी प्रतिकृती असते, विद्यार्थी पाठ केलेली चार वाक्ये म्हणतो आणि ‘हा भाग असाच का?’ असे विचारताच पालकांकडे पाहतो. प्रतिकृती दुकानातून आलेली असते. या प्रथेला आमचा विरोध आहे. तिला पर्याय म्हणून आपल्या छंदवर्गात मोठ्या प्रमाणमापाच्या विमान-प्रतिकृतीचे काम सुरू व्हावे, अशी आमची सूचना आहे.

असे विमान म्हणून आम्ही मिग-२१ सुचवतो. १९६३ पासून भारतीय हवाई दलात असलेले हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले. नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ते बांधले जात असे. म्हणजे मराठी कामगारांच्या हातांचा इतिहासही त्यात आहे. त्याच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर. १:३२ प्रमाणाच्या प्रतिकृतीत तो सुमारे २२ सेंटिमीटर भरतो. एवढ्या आकारात वैमानिकाच्या कक्षाच्या भिंती आणि चाकांचे कप्पे स्पष्ट दिसतात. संचात मात्र तेथे पुष्कळदा सपाट प्लास्टिकच असते. ती रिकामी जागा स्वतः भरणे, हेच या छंदातील खरे शिक्षण होय.

यासाठी पितळी पत्र्याचे व रेझिनचे तयार भाग विकत मिळतात, पण त्यांची किंमत कधी कधी मूळ संचाच्या जवळपास जाते. स्वतः घडवायचे ठरवले तर साहित्य घरातच असते. सुटे भाग ज्या चौकटीला जोडलेले असतात त्या स्प्रूची कांडी मेणबत्तीजवळ धरून मऊ केली आणि ताणली, की केसासारखा धागा निघतो. विजेच्या जुन्या वायरीतील तांब्याच्या तारांतून चाकांच्या ब्रेकच्या नळ्या होतात. औषधाच्या पाकिटाच्या पातळ पत्र्यातून आसनाचे पट्टे. प्रत्यक्षातील १६ मिलिमीटरची नळी येथे अर्ध्या मिलिमीटरची करायची असते. गुणोत्तराचे गणित फळ्यावर न समजलेला विद्यार्थीही येथे ते समजून घेतो, कारण चुकलेला तुकडा जागेवर बसतच नाही.

आपल्या परिसरात या कौशल्याचे गुरू कमी नाहीत. मूर्तिपूजेविषयीची आपली भूमिका स्पष्ट आहे. परंतु पेण आणि हमरापूरच्या कार्यशाळांत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराचा हात कसा स्थिर राहतो, हे आपल्या मुलांनी जरूर पाहावे. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतला फिटर कॅलिपरने माप घेतल्याखेरीज पुढे जात नाही, तेही पाहावे. हाताने काम करणारा खालचा आणि बसून लिहिणारा वरचा, ही उतरंड आपण विचाराने नाकारली आहे. ती वर्गाच्या वेळापत्रकातही नाकारली पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ मध्ये सरकारला दिलेल्या निवेदनात अनुसूचित जातींसाठी तांत्रिक शिक्षणाच्या सोयी मागितल्या होत्या, याचे स्मरण येथे उचित ठरेल.

तथापि, आमच्या आग्रहाचे मुख्य कारण वेगळे आहे. तपशील वाढवणे सोपे असते. खरा तपशील वाढवणे कठीण. ओझरला मिग-२१ चे एफएल, एम आणि बिस असे प्रकार बांधले गेले आणि पुढे बिसचे सुधारित रूप बायसन आले. बायसनच्या कक्षाचे छायाचित्र पाहून एफएलचा कक्ष सजवला, तर काम सुंदर होईल आणि इतिहास खोटा. संग्रहालयातील विमान पुन्हा रंगवलेले असू शकते, त्यातील उपकरणे काढलेली असू शकतात. म्हणून छायाचित्र कोणत्या विमानाचे, कधीचे, हे आधी विचारावे लागते. इतिहासाच्या अभ्यासात याच शिस्तीला साधनचिकित्सा म्हणतात.

तपशिलांची दाटी म्हणजे सत्य नव्हे. ‘वैमानिक शास्त्र’ नावाच्या ग्रंथातील विमानांची चित्रे बारकाव्यांनी भरलेली आहेत. १९७४ मध्ये बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी ती तपासली, तेव्हा अशी विमाने उडूच शकत नाहीत आणि ग्रंथही विसाव्या शतकातला आहे, असा निष्कर्ष निघाला. तरीही ती चित्रे पुरावा म्हणून आजही फिरतात. ज्या मुलाने एका नळीच्या जागेसाठी चार छायाचित्रे ताडून पाहिली आहेत, तो अशा चित्रांना सहजासहजी फसणार नाही.

दहावीच्या वर्षात हा वेळ कोठून आणायचा, असे पालक विचारतील. हे काम आठवी-नववीचे आहे. आठवड्यातून दोन तास पुरतात. संच महाग आहे, हे खरे. म्हणून सहा-सात विद्यार्थ्यांत एक संच असावा आणि वर्षभर त्यावर काम चालावे. माजी विद्यार्थ्यांनी तयार प्रतिकृती भेट देण्याऐवजी एखादा कॅलिपर, एखादे भिंग आणि आपला एक रविवार द्यावा.

प्रदर्शनासाठी मात्र एक नियम हवा. प्रतिकृतीशेजारी नोंदवही ठेवावी. कोणता भाग कोणत्या छायाचित्रावरून केला, ते तीत लिहावे. जेथे पुरावा मिळाला नाही ती जागा मोकळी सोडून तसे नमूद करावे. परीक्षकांनी गुण देताना आधी ती वही वाचावी आणि मोकळ्या सोडलेल्या जागेचे गुण कापू नयेत.